काठासकट: दांडिया बाजारातल्या एका वाड्यातलं प्रदर्शन

बडोद्याच्या दांडिया बाजारात, रस्त्यापासून जरा आत, एक दुमजली वाडा होता. आता तिथे खाली पार्किंग आणि वर सहा मजले आहेत. वाडा पडायच्या आधी बारा दिवस त्यात पाच तरुण कलावंतांचं प्रदर्शन भरलं होतं. त्या प्रदर्शनाला जागा मी मिळवून दिली, नाव मी सुचवलं, पुस्तिकेची प्रस्तावना मी लिहिली, भिंतीवरचा मजकूर मी लिहिला, परगावचे कलावंत आणि वाड्याची माणसं यांच्यातली दुभाषी मीच होते, आणि एवढं सगळं करून एका साप्ताहिकात त्याच प्रदर्शनाचं परीक्षणही मीच लिहिलं. हे असं एका दमात वाचलं की काय चुकलं ते कुणाच्याही लक्षात येईल. माझ्या तेव्हा आलं नाही, कारण मी ते एका दमात केलं नव्हतं. एकेक काम अंगावर येत गेलं आणि मी हो म्हणत गेले.

आधी माझ्याबद्दल, कारण या प्रकरणात ते लागणार आहे. मी चित्रकार नाही. मराठी-गुजराती-हिंदी भाषांतरं आणि मुद्रितं तपासणं यावर माझं घर चालतं. त्यातून वेळ उरला की कथा लिहिते. नव्वदीच्या दशकात सयाजीराव विद्यापीठात मराठीची एम. ए. करत होते आणि आर्ट्सचे तास बुडवून पुष्पबागेत, म्हणजे फाइन आर्ट्सच्या आवारात, जाऊन बसायचे. तिथल्या कलेतिहासाच्या व्याख्यानांना बाहेरच्यांनी मागे बसलेलं चालायचं. एवढ्या शिदोरीवर मी पुढे चित्रांवर लिहायला लागले. बडोद्यात चित्रांवर मराठीत लिहिणारे थोडे, त्यामुळे माझी चलती झाली. गावात वैद्य एकच असला की त्याच्या गुणाची चौकशी कुणी करत नाही, तसं काहीसं.

जागा

वाड्याचे मालक आमचे शेजारी. आमचा वाडा दोन घरं सोडून होता. आम्ही सगळी मुलं त्यांना काका आणि त्यांच्या बहिणीला आत्या म्हणायचो, नात्यात नसताना. भाडेकरू एकेक करून मांजलपूर, गोत्री, पुण्याकडे गेले. शेवटी काका एकटे खालच्या दोन खोल्यांत राहात होते. एका संध्याकाळी ते म्हणाले, "बानाखत झालंय. दस्तावेज व्हायला महिना-दीड महिना आहे. तोवर वाडा नुसता पडलाय." बानाखत म्हणजे विक्रीचा करार. मी त्याच आठवड्यात फाइन आर्ट्समधल्या तीन मुलांकडून ऐकलं होतं की त्यांना गॅलरीच्या पांढऱ्या भिंतींचा कंटाळा आलाय. दोन्ही गोष्टी जोडायला मला एक चहा लागला. काकांची अट एकच होती, अगाशीबद्दल, म्हणजे गच्चीबद्दल: "अगाशीवर कुणाला चढू द्यायचं नाही. पडलं कुणी तर माझ्या माथी."

वाड्यात चित्रं मांडणं यात आमच्या भागाला नवं काही नव्हतं, हे मुलांना सांगताना मला फार मजा आली. जवळच तांबेकरवाडा आहे. बडोदा संस्थानच्या दिवाणांचा तो वाडा एकोणिसाव्या शतकातल्या भित्तिचित्रांनी भरलेला आहे: कृष्णलीला, महाभारत, मराठे-इंग्रजांची लढाई. आता तो पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. पलीकडे कीर्तिमंदिरात नंदलाल बोसांनी १९३९ ते १९४६ या काळात भिंती रंगवल्या. त्यातलं गंगावतरण आमच्या शाळेने आम्हाला रांगेत उभं करून दाखवलं होतं. ज्या बायकांना आपण 'सामान्य प्रेक्षक' म्हणून बाजूला सारतो, त्या दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या बायका चित्रं असलेल्या भिंती बघतच म्हाताऱ्या झाल्या आहेत. हे मी पुस्तिकेत लिहिलंसुद्धा. लिहिणं आणि त्याप्रमाणे वागणं यातला फरक पुढे येईल.

पाच जणांत तिघं फाइन आर्ट्सची: नागपूरचा एक फोटो काढणारा मुलगा, केरळची एक मुलगी जी कापडात काम करायची, आणि ध्वनीवर काम करणारा एक बडोद्याचाच गुजराती मुलगा. चौथा पाट्या रंगवणारा. फ्लेक्स आल्यापासून त्याचा धंदा बसला होता. पाचवी एक शाळेत चित्रकला शिकवणारी बाई. प्रत्येकी दोन हजार रुपये काढले. वीज काकांची, बिल आमचं.

कामं

सगळी सांगत बसत नाही. ध्वनीवाल्याने पहाटे नळ येतानाचे आवाज, म्हणजे बादल्या, हंडे, "अगं, लाव लवकर" वगैरे, एका शेजारच्या वाड्यात टिपून ते मधल्या चौकात लावले. कल्पना चांगली होती, पण दांडिया बाजाराच्या हॉर्नपुढे ती टिकली नाही. फोटोवाल्याने रिकाम्या खुंट्यांचे फोटो काढून त्याच खुंट्यांना टांगले. ते मला आजही अतिहुशार वाटतं. शिक्षिकेचं काम नीटस होतं, त्यापलीकडे माझ्या आठवणीत राहिलं नाही.

पाट्या रंगवणाऱ्याचं काम मात्र मी डोळे मिटून सांगू शकते. त्याने ओसरीची भिंत निवडली आणि पत्र्याच्या खरवडणीने तिचे थर काढले. एकदम नाही. पायऱ्या-पायऱ्यांनी, प्रत्येक थर वीतभर उघडा ठेवून पुढचा काढायचा. सगळ्यात वर साय-रंगाचा ऑइलपेंट, मग गुलाबी डिस्टेंपर, मग पोपटी, मग एक घाणेरडा पिवळा, मग पुन्हा गुलाबी, मग पांढरा, आणि अगदी तळाशी नीळ घातलेला चुना. असे सात थर. चुना हाताला लागायचा. एक ब्रशही न वापरता रंगाऱ्याने केलेलं ते रंगकाम होतं. वाड्यातली जुनी माणसं येऊन त्या पायऱ्यांपुढे उभी राहिली की बोलायला लागायची. "पोपटी आमच्या धाकट्याच्या मुंजीचा." "नाही हो, मुंजीला पिवळा होता, पोपटी नंतर, ह्यांना बोनस मिळाला तेव्हा." दोन वहिनी त्या दोन थरांवरून भांडल्या आणि भांडण मिटेपर्यंत अर्धा तास ओसरीवर बसल्या. रंगारी बाजूला उभा राहून ऐकत होता. मध्येच म्हणाला, "पिवळा आधी. पोपटी वर आहे ना, बघा." त्याच्या कामाला माझ्या मजकुराची, माझ्या दुभाषेपणाची, माझ्या परीक्षणाची गरज पडली नाही. परीक्षणात मी त्याला चार ओळी दिल्या.

सव्वा पान दिलं ते कापडाच्या कामाला.

लुगडी

केरळच्या मुलीला माजघर मिळालं होतं. तिला 'घरातल्या बाईचं कापड' हवं होतं, नवं नाही. मी काकांना विचारलं. माळ्यावर आईची ट्रंक आहे, म्हणाले. घेऊन जा, उंदीरच खातायत. ट्रंकेत दोन धड लुगडी निघाली, एक इरकली, मोरपंखी, रुईफुली काठाचं, आणि एक साधं सुती, हिरवट. आईची लुगडी लेकीकडे जातात हे मला माहीत होतं. लेक मांजलपूरला, रिक्षाने वीस मिनिटांवर राहते, हेही माहीत होतं. मी आत्यांना फोन केला नाही. का, याचं प्रामाणिक उत्तर असं की त्या नाही म्हणतील असं वाटलं.

मुलीने लुगडी आडवी कापली, चार-चार बोटांच्या पट्ट्या. नऊवारीची लांबी आठ मीटरच्या आसपास, तेव्हा दोन लुगड्यांच्या सव्वादोनशेच्या वर पट्ट्या झाल्या. आडवं कापल्यामुळे प्रत्येक पट्टीच्या दोन्ही टोकांना काठाचा एकेक तुकडा राहिला. वरचा काठ खिळ्याला, खालचा मोकळा. माजघराच्या तीन भिंती या पट्ट्यांनी भरल्या. दार उघडलं की झुळकेने सगळे काठ एकदम हलायचे. दिसायला फार सुंदर होतं. ते मी आजही मागे घेणार नाही.

परीक्षणात मी लिहिलं होतं: "या पट्ट्या श्वास घेतात. काठांची ही लाल ओळ म्हणजे अज्ञात स्त्रीच्या आयुष्याची हस्ताक्षरं आहेत." अज्ञात! त्या बाईच्या हातची शेवयांची खीर मी खाल्ली होती.

रविवार

पाचव्या दिवशी, रविवारी चारच्या सुमाराला, आत्या आल्या. बरोबर नात होती. ओसरीवर रंगाऱ्याच्या पायऱ्यांपाशी त्या बराच वेळ रमल्या, निळीच्या थराला बोट लावून बोटाकडे बघितलं. मग माजघरात गेल्या. मी मागोमाग. मुलगी आत स्टुलावर बसली होती, ती उठून उभी राहिली.

आत्यांनी एक पट्टी हातात घेतली, काठ उलटून मागची बाजू बघितली, सोडली. मग शांतपणे म्हणाल्या, "हे आईचं इरकली. काठासकट कापलंय. अगं, जुनं लुगडं गोधडीच्या पोटात घालतात ते कुणाला ओळखू येऊ नये म्हणून. आणि काठ आधी काढून ठेवतात. इथं तर भिंतीवर टांगून ओळखपरेडला उभं केलंय." आणि माझ्याकडे वळून, "तुला तरी ठाऊक होतं."

मुलीला मराठी येत नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं. मी तिला हिंदीत सांगितलं, "आंटी कह रही हैं, ये उनकी माँ की साड़ी है। देखकर माँ की याद आ गई।"

मुलगी हसली. दोन्ही हात जोडून आत्यांना नमस्कार केला.

आत्यांनी ते हसू बघितलं. त्यांना हिंदी व्यवस्थित येतं. सत्तर वर्षं बडोद्यात राहिलेल्या बाईला येणारच. त्या काही बोलल्या नाहीत. नातीचा हात धरून निघून गेल्या. त्यांच्या चपला ओसरीवरून खाली उतरल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

मी असं का केलं

इथे जरा थांबायला हवं, कारण माझ्या मते प्रकरणाचा गाभा इथे आहे आणि तो माझ्या एकटीच्या भित्रेपणात संपत नाही.

एक कारण गावचं आहे. मे २००७ मध्ये फाइन आर्ट्समधल्या एका विद्यार्थ्याच्या परीक्षेच्या मांडणीवर बाहेरून माणसं चालून आली, विद्यार्थ्याला अटक झाली. निषेध म्हणून मुलांनी विभागाच्या संग्रहातल्या भारतीय शृंगारकलेच्या प्रतिमांचं प्रदर्शन लावलं. ते बंद करा असा हुकूम निघाला, तो न पाळणाऱ्या प्रभारी डीनना निलंबित केलं गेलं. त्या दिवसांत आम्ही सगळे मुलांच्या बाजूने उभे होतो आणि बरोबरच उभे होतो. पण त्यानंतर आमच्या कानांना एक सवय लागली. बाहेरचा माणूस कामाबद्दल वाकडं बोलला की ते आम्हाला हल्ल्यासारखंच ऐकू यायचं. कलावंताला त्या आवाजापासून वाचवणं हे आपलं काम, असं माझ्यासारख्यांनी धरलं. आत्या काही मोर्चा घेऊन आल्या नव्हत्या. त्यांनी केली ती शुद्ध समीक्षा होती. पट्टी उलटून मागची बाजू बघणं मला, परीक्षण लिहिणारीला, सुचलं नव्हतं. त्यांचा आक्षेप कापडाच्या वापराच्या नियमावर उभा होता: कुठे कापायचं, काय झाकायचं, काय वेगळं ठेवायचं. ते वाचवण्यासारखं काही नव्हतं, पोचवण्यासारखं होतं.

दुसरं कारण साधं. परीक्षण तीन दिवसांपूर्वीच छापायला गेलं होतं. लुगडी मीच आणून दिली होती. आत्यांचं बोलणं जसंच्या तसं मुलीला सांगायचं तर तिने पुढचा प्रश्न विचारला असता: "पर आपने पूछा था न?"

लेखकाने चित्रकारांत मिसळू नये, असं यातून काढणारे भेटले मला. ते बडोद्यात राहून म्हणणं विनोदी आहे. या गावची आधुनिक कलाच मुळी लिहिणाऱ्या-चितारणाऱ्या माणसांच्या सरमिसळीतून झाली. फाइन आर्ट्स १९५० मध्ये सुरू झालं तेव्हा इंदूरचे ना. श्री. बेंद्रे तिथे शिकवायला आले. त्यांच्या हाताखालच्या पिढीतले गुलाममोहम्मद शेख हे गुजरातीतले महत्त्वाचे कवी आहेत. भूपेन खक्कर पेशाने हिशेबनीस, चित्रं काढायचे आणि गुजरातीत कथा-नाटकं लिहायचे. या दोघांनी १९६९ ते १९७३ 'वृश्चिक' नावाचं नियतकालिक बडोद्यातून चालवलं. त्यात संतकवितेच्या विशेषांकात अरुण कोलटकरांनी इंग्रजीत आणलेले आपले संत होते, आणि त्याच 'वृश्चिक'मधून १९७१ च्या सुमाराला ललित कला अकादमीच्या कारभाराविरुद्ध उघड लढाईही होती. म्हणजे संपादक, लेखक, चित्रकार आणि भांडणातला एक पक्ष, सगळं तीच माणसं. पण पान उघडल्यावर वाचकाला कळायचं की हा अमुक बाजूचा माणूस बोलतोय. नावातच विंचू होता. मी माझ्या परीक्षणात अशा थाटात लिहिलं होतं की जणू रस्त्याने जाता जाता वाडा दिसला म्हणून आत डोकावले.

मुलगी

सातव्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात. हातात ते साप्ताहिक. नागपूरच्या मुलाने तिला परीक्षण वाचून दाखवलं होतं, आणि बोलता बोलता रविवारी आत्या खरं काय म्हणाल्या तेही सांगितलं होतं; तो तेव्हा दाराशीच उभा होता.

"दीदी, मुझे आपने क्या बताया था?"

मी काहीतरी बोलले. तुला वाईट वाटू नये म्हणून, वगैरे. ती म्हणाली, चार वर्षं इथे शिकतेय, दर सत्राला क्रिट होते, म्हणजे कामाची चिकित्सा, शिक्षक तासभर बोलतात. माझ्या कापडाबद्दल कापडाचं माहीत असलेलं एक वाक्य पहिल्यांदा कुणी बोललं आणि ते तुम्ही मध्येच खाल्लंत. "और मैं हँस रही थी उनके सामने।" एवढं म्हणून ती रडली. मी पाणी दिलं.

परीक्षणातल्या स्तुतीबद्दल ती एक शब्द बोलली नाही. ते मला सगळ्यात लागलं, आणि तेच बरोबर होतं.

मांजलपूर

त्याच संध्याकाळी आम्ही दोघी आत्यांकडे गेलो. जाताना रिक्षात मी तिला म्हटलं, आता मी जसंच्या तसं सांगेन, मध्ये माझं काही घालणार नाही. ती म्हणाली, घाला, पण वेगळं सांगा की हे तुमचं आहे. हा नियम तिचा. मी तो अजून पाळते.

आत्यांनी बसा म्हटलं. सेव-उसळ बाहेरून मागवली, बडोद्यात रागावलेल्या माणसालाही पाहुण्यापुढे काहीतरी ठेवावंच लागतं. मुलीने माफी मागितली. आत्या म्हणाल्या, "माफीचं राहू दे. तिला म्हणावं, गोधडी बघितली आहेस का कधी?" आतून एक गोधडी आणली. कोपऱ्यातले चार टाके दाताने तोडले आणि वरचा थर उचलून आतला दाखवला: एक फिकट, रंग गेलेलं, काठ नसलेलं कापड. धावदोऱ्याच्या ओळी दोन्ही थरांतून आरपार गेलेल्या. मुलीने विचारलं, हे कोणाचं? आत्या म्हणाल्या, "तेच तर. कोणाचं ते आता कळत नाही. ऊब येते." मुलीने फोन काढला. "फोटो नको," आत्या म्हणाल्या. मी तेही सांगितलं, त्याच सुरात.

मुलीने विचारलं, 'काठ' म्हणजे नेमकं काय? मी म्हटलं, लुगड्याची किनार, आणि नदीचा किनारासुद्धा. विश्वामित्रीचा काठ म्हणतो तसं. ती एकदम सरसावून बसली. मल्याळममध्ये मुंडूच्या, म्हणजे तिकडच्या धोतराच्या, किनारीला 'करा' म्हणतात आणि नदीच्या, समुद्राच्या किनाऱ्यालाही 'करा'च. आत्यांना हे सांगितल्यावर त्या पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघत म्हणाल्या, "मग हिलाही ठाऊक होतं."

निघताना मुलगी म्हणाली, पट्ट्या परत आणून देऊ का. आत्या म्हणाल्या, "पट्ट्यांचं काय करू? काठ तेवढे दे."

उरलेले दिवस

दोन रात्री बसून तिने सगळे काठ कापले. साडेचारशेच्या वर तुकडे, प्रत्येक चार बोटांचा. नागपूरचा मुलगा आणि मी मदतीला होतो. माझ्या अंगठ्याला कात्रीचा वळ उठला. एका कापडी पिशवीत भरून ते मांजलपूरला पोचवले. आत्यांनी पिशवी घेतली. एवढ्याशा तुकड्यांचं काही शिवता येण्यासारखं नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं आणि आम्हालाही.

माजघरात उरल्या काठ नसलेल्या पट्ट्या. आता वरचं टोक धरायला काही नव्हतं, खिळ्यापाशी सूत उसवायला लागलं. दहाव्या दिवसापर्यंत पंधरा-वीस पट्ट्या गळून खाली पडल्या. तिने त्या उचलल्या नाहीत. मोरपंखी आणि हिरवट यातला फरकही लांबून कळेना. शेवटच्या चार दिवसांत आलेले लोक दारातून डोकावून पुढे जात होते. ध्वनीवाला म्हणाला, काम मेलं. रंगारी म्हणाला, "आता भिंत दिसते." मला विचाराल तर पहिलं काम डोळ्याला जास्त चांगलं होतं आणि दुसरं जास्त खरं होतं. पण दुसऱ्याबद्दल माझं मत धरू नका. तोवर मी त्यात कात्री चालवली होती.

एक गोष्ट इथे अर्धवट आहे आणि ती अर्धवटच राहिली. काकांनी लुगडी दिली होती आणि मुलगी ती घेऊन गेली, यात कायद्याने कुणाची चूक नाही. आत्या आणि काका यांच्यात वाड्याच्या वाटणीवरून आधीच काही होतं. लुगड्यांनी त्यात भर घातली का, हे मला विचारायचं धैर्य झालं नाही. प्रयोगासाठी रिकामी घरं शोधताना आपण त्यांना 'रिकामी' म्हणतो. बानाखत झालेलं घर सहसा घरच्यांनी भरलेलं असतं, फक्त ते तिथे राहात नसतात.

मी त्या साप्ताहिकाकडे दुसरा लेख पाठवला. आत्यांचं बोलणं, माझं भाषांतर, पट्ट्यांचे दोन अवतार, सगळं लिहिलं. पहिलंच वाक्य होतं: "या प्रदर्शनाला जागा मी मिळवून दिली, त्याची पुस्तिका मी लिहिली आणि मागच्या अंकातल्या परीक्षणात हे मी सांगितलं नव्हतं." लेख छापून आला. ते वाक्य जागेअभावी काढलं होतं. संपादकांना फोन केला तर म्हणाले, "अहो, ते वैयक्तिक होतं. लेख त्याशिवाय जास्त चांगला वाचला जातो." हेही खरंच होतं.

वाडा पाडताना मी बघायला गेले नाही. रंगारी गेला होता. ओसरीच्या भिंतीचा ताटाएवढा एक तुकडा त्याने उचलून आणला, सातही थर शाबूत. त्याच्या दुकानात तो गल्ल्याशेजारी ठेवलेला असतो आणि गिऱ्हाइकं त्याला दगड समजून त्यावर पैसे ठेवतात.

उन्हाळ्यात फाइन आर्ट्समध्ये वार्षिक मांडणी होती. मुलीने आत्यांना स्वतः फोन करून बोलावलं, हिंदीत. आत्या आल्या. पुष्पबागेत त्या आधी एकदाच आल्या होत्या, मुलगा लहान असताना, फाइन आर्ट्स फेअरला. तिथून एक लाकडी खेळणं घेतलं होतं, म्हणाल्या. मुलीच्या कामापुढे त्या फार थांबल्या नाहीत, मानेने 'बरं आहे' म्हटलं आणि पुढे गेल्या. शेजारच्या खोलीत एका बिहारच्या मुलाचं काम होतं: जमिनीवर प्लास्टरचा एक ढीग, त्यात काही ठिकाणी बोटांचे ठसे.

आत्या वाकून बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "विचार त्याला, हे पडलंय का ठेवलंय?"

मी म्हटलं, "आंटी पूछ रही हैं, ये गिरा है या रखा है?"

मुलगा हसला नाही. ढिगाला एक फेरी मारून आला.

"रखा था," तो म्हणाला. "बाद में गिर गया। तब ठीक लगा।"

"ठेवलं होतं," मी आत्यांना सांगितलं, "मग पडलं, तेव्हा त्याला बरं वाटलं."

"हिंदी कळतं मला," आत्या म्हणाल्या आणि त्याला विचारायला लागल्या की प्लास्टर वाळायला किती वेळ लागतो.